आठ तास जायला, तीन तास यायला

पासिर रिस, सिंगापूर
रविवार दुपार

प्रिय अण्णा,
सविनय जयभीम.

आज पहाटे आई चिपळूणला सुखरूप परत पोहोचली. एकटी गेली इथून! मुंबईला दादा घ्यायला आला होता, पण विमानात, इमिग्रेशनला, सामानाच्या पट्ट्यापाशी, सगळीकडे ती एकटीच होती. महिनाभर माझ्याकडे राहिली. आज मिलिंद तन्वीला घेऊन पोहायला गेलाय, घरात सामसूम आहे, आणि मला वाटलं, आता अण्णांना लिहायलाच हवं.

तुम्हाला जाऊन पंधरा महिने झाले. एवढ्या दिवसांत मी एक ओळ लिहिली नाही. लिहायला बसलं की रडू यायचं, आणि रडत लिहिलेलं पत्र तुम्हाला चाललं नसतं. तुम्ही आधी अक्षर बघितलं असतं आणि मग मजकूर.

आज रडत नाहीये. उलट मधूनच हसू फुटतंय. तुम्हाला दोन गोष्टी कळवायच्या आहेत. पहिली तुम्हाला आवडणार नाही: तुमचा तक्ता चुकला होता. दुसरी लिहायची म्हटलं की पेन थांबतं, म्हणून ती मागे ठेवते.

तक्ता आठवतोय ना? नाताळच्या सुट्टीत तुम्ही आणि आई इथे यायचं ठरलं होतं. मी तिकिटं ईमेलने पाठवली, दादाने सायबर कॅफेतून प्रिंट आणली, आणि तुम्ही पट्टी, निळी शाई आणि लाल शाई घेऊन बसलात. तीन दिवस! आई सांगत होती, जेवायलाही दोनदा हाक मारावी लागायची. डेपोत कंट्रोलरच्या केबिनबाहेर लावतात तसा हुबेहूब तक्ता. वर ठळक अक्षरात 'चिपळूण ते पासिर रिस'. खाली थांबा, आगमन, प्रस्थान, अंतर. खेड, महाड, माणगाव (चहा, पंधरा मिनिटे), पनवेल, मुंबई विमानतळ, सिंगापूर, आणि शेवटचा थांबा पासिर रिस. अण्णा, माझ्या नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटला कुणी कधी एवढा मान दिला नव्हता. एसटीच्या तक्त्यात आलं म्हणजे ते गाव खरं, असं मला लहानपणापासून वाटत आलंय.

आणि मग ती ओळ. मुंबई सुटणे २३.४०, सिंगापूर पोहोचणे ०७.४०, प्रवास आठ तास. परतीच्या बाजूला, सिंगापूर सुटणे १९.००, मुंबई पोहोचणे २२.००, प्रवास तीन तास.

तुम्ही फोनवर ते वाचून दाखवलंत तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात उभी होते. म्हटलं, "अण्णा, दोन्हीकडून साडेपाच तासच लागतात."

"तिकिटावर छापलंय ते खोटं?"

"खोटं नाही हो. इथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे."

"मग ते नीट लावून घ्या. आमच्या डेपोत पाच मिनिटं पुढे गेलं तरी मेमो मिळायचा."

"अण्णा, ऐका ना."

"तू ऐक. चिपळूणहून कराडला जाताना कुंभार्ली घाट चढायला जेवढा वेळ लागतो, तेवढा येताना उतरायला लागतो का? नाही लागत. तुझं सिंगापूर चढावर आहे. जाताना गाडी रडत जाणार, येताना सुसाट येणार. त्यात घड्याळाचा काय संबंध?"

तेहेतीस वर्षं एसटीचे कंट्रोलर म्हणून तुम्ही गाड्या सोडल्यात, माणसाला कुठे किती वेळ लागतो ते तुम्हाला मी काय सांगणार? तरी मी आणखी एकदा प्रयत्न करणार होते, तेवढ्यात तुम्ही किलोमीटर विचारलेत. मी म्हटलं, तीन हजार नऊशेच्या आसपास. पलीकडे कागदावर पेन चालल्याचा आवाज आला. मग तुमचा आवाज एकदम गंभीर झाला.

"शैले, जाताना ताशी पाचशेसुद्धा पडत नाही. आणि येताना तेराशे. तेराशे! उतारावर असं गाडी सोडणं बरं नव्हे. कुणाला तरी सांगायला हवं."

मी जिन्यात बसून हसले, अण्णा. तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून फोन लांब धरला होता. फोनकार्डवरची बाई आता एकच मिनिट उरलंय म्हणून सांगत होती, दुपारी मीटिंग होती, आणि मी म्हटलं, "बरं." तुम्ही खूश झालात. लाल शाईने तळाला लिहूनही टाकलंत: 'परतीचा वेग जास्त. सांभाळून बसणे.'

ते 'बरं' मला फार महागात पडलं. कसं, ते पुढे येईलच.

तक्ता भिंतीवर लागला आणि महिन्याभरात तुम्हाला मुंबईच्या हॉस्पिटलमध्ये आणावं लागलं. मी आले, तुम्ही माझ्याशी बोललात, आणि तिसऱ्या दिवशी गेलात. त्या दिवसाबद्दल आता इथे लिहीत नाही. पण त्यानंतर आई माझ्याशी तुटक वागायला लागली, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल.

भांडण नाही, काही नाही. तुम्हाला आई माहीत आहे, ती भांडतच नाही, म्हणून तर तिच्याशी जमवून घेणं अवघड. दर रविवारी मी फोन करायची. "बरी आहे. तू बरी ना? ठेवते." बस. तन्वी फोनवर आली की मात्र अर्धा तास गप्पा, मांजरीला पिल्लं किती झाली इथपासून. मी फोन घेतला की आवाज पुन्हा कोरडा. मला वाटायचं, दुःखाने होत असेल. मग वाटलं, मी लांब राहते म्हणून. एकदा मी म्हटलंही, "आई, थोडे दिवस ये ना माझ्याकडे." तर म्हणाली, "तुला तुझी माणसं आहेत." मिलिंदला विचारलं, "याचा अर्थ काय रे?" तो म्हणाला, "आपणच ना तुझी माणसं?" त्याला कुठे काय कळतं!

मला माझी आई परत हवी होती, अण्णा. तुम्ही गेलात ते गेलात, पण ती जिवंत असून हातातून निसटत होती, आणि कुठे काय चुकलं ते मला कळत नव्हतं. फोनवर हे बोलता येत नाही. ती इथे येऊन माझ्या स्वयंपाकघरात बसल्याशिवाय काही सुटणार नव्हतं.

दादा तर ऐकायलाच तयार नव्हता. "आई बाजारात गेली तरी तिला हात धरून आणावं लागतं, आणि तू तिला विमानात एकटी बसवतेस?" मला न्यायला यायला रजा नव्हती, त्याला आणून सोडायला पासपोर्ट नव्हता. शेवटी काम केलं ते तुमच्या नातीने. फोनवर तिने आजीला, इथल्या पोरांसारखं वाक्याला 'लाह' लावून, एवढंच सांगितलं, "आजी, माय बर्थडे आहे. यू मस्ट कम, लाह." आई म्हणाली, "येते." तेवढंच! मी सहा महिने घसा कोरडा केला होता.

तिकीट मी मुद्दाम तुमच्या तक्त्यातल्याच वेळेच्या विमानाचं काढलं, कारण आईला तो तक्ता तोंडपाठ होता. निघायच्या आधी फोनवर म्हटलं, "आई, विमानाचा प्रवास साडेपाच तासांचा आहे हं."

"यांनी आठ लिहिलेत."

पुन्हा वाद घालून तिला आणखी दुखवायचं नव्हतं. मी म्हटलं, "बरं."

झालं! म्हणजे चूक फक्त तुमची नाही, माझीही आहे. चला, पुढचं ऐका.

सकाळी सातच्या सुमारास आम्ही तिघं चांगी विमानतळावर जाऊन उभे राहिलो. तन्वीने 'आजी' लिहिलेला पुठ्ठा धरला होता, जणू मला माझी आई ओळखता येणार नव्हती. पाटीवर विमान उतरल्याचं दिसलं, वेळेवर, सात चाळीसला. सव्वाआठला त्या विमानातली माणसं बाहेर यायला लागली. साड्या, सूट, हातातल्या लोणच्याच्या बरण्या, ढकलगाड्यांवरची खोकी. साडेआठपर्यंत सगळे येऊन गेले. पावणेनऊ. तन्वी म्हणाली, "आजी सो लेट, लाह." मिलिंद चौकशीच्या खिडकीवर गेला. दादाचा शब्द खरा ठरला तर आई परत म्हणून कुठे निघणार नव्हती, आणि मग माझ्याशी आयुष्यभर तेच, "बरी आहे, ठेवते."

नऊ वाजून दहा मिनिटांनी ती आली. हिरवी साडी, खांद्याला तुमची खाकी पिशवी, मनगटात सैल झालेलं तुमचं चावीचं घड्याळ, आणि शेजारी विमानातली एक हवाईसुंदरी तिची बॅग ओढत! दोघी हसत होत्या. त्या मुलीला मराठी येत नव्हतं आणि आईला इंग्रजी, पण गप्पा जोरात चालू होत्या. मी धावत गेले. आईने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "बारीक झालीस." मग तन्वीला कवटाळलं.

काय झालं होतं, ते घरी चहा पिताना कळलं.

विमान उतरलं तेव्हा आईच्या मनगटावर, म्हणजे तुमच्या घड्याळात, पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. तक्त्यात सात चाळीस. म्हणजे अजून अडीच तास बाकी! माणसं उठली, सामान काढायला लागली. आईने मनाशी ठरवलं, हा मधला थांबा. माणगाव. आणि मधल्या थांब्यावर जागा सोडायची नाही हे तुम्हीच तिला लग्न झाल्या वर्षी शिकवलं होतंत. चहा प्यायला उतरलात आणि गाडी गेली तर कंट्रोलर जबाबदार नाही. ती मुकाट्याने बसून राहिली.

"पण आई, बाहेर लख्ख उजाडलं होतं ना? पाचला उजाडतं का?"

"मला वाटलं, उंचावर आहोत म्हणून लवकर दिसतंय. चढावरच आहे ना तुमचं गाव?"

अण्णा, हे तिने इतक्या सहज सांगितलं की मिलिंदच्या नाकातून चहा आला.

ती हवाईसुंदरी आली, म्हणाली, "आंटी, सिंगापूर." आई म्हणाली, "येस, सिंगापूर," आणि हलली नाही. तिला वाटलं, कुठे जायचंय ते विचारताहेत. मग दुसरी आली, मग एक साहेब आला. आईने भिंतीवरून उतरवून आणलेला तक्ता पिशवीतून काढून त्यांना दाखवला. आठच्या आकड्यावर बोट ठेवलं, घड्याळावर बोट ठेवलं. तिघांनी मिळून तुमचं अक्षर पाहिलं. आई सांगत होती, साहेबाने कौतुकाने मान हलवली. मला वाटतं, तो घाबरला असावा.

तोवर बसल्याबसल्या आईने आपल्या रांगेतली पांघरुणं घड्या घालून ठेवली होती. मागच्या रांगेतलीही.

मग साफसफाईच्या बायका चढल्या. एकीने पट्ट्यांची बकलं जुळवायला सुरुवात केली, एक पोत्यात कागदाचे कप भरायला लागली, तिसरीने झाडायचं मशीन लावलं. आईने ते मशीन बघितलं आणि ताडकन उठली. "मी चाळीस वर्षं एसटीवाल्याच्या घरात काढलीत," ती आम्हाला म्हणाली, "मधल्या थांब्यावर कुणी गाडी झाडत नाही. झाडू फिरला म्हणजे डेपो."

अण्णा, तक्ता तुमचा, पण विमानातून उतरली ती स्वतःच्या अकलेने. किती वर्षं आपण सगळे म्हणत आलो की आईला प्रवासातलं कळत नाही! तुम्ही तर तिकीट कधी तिच्या हातातसुद्धा दिलं नाहीत. मी त्या सकाळी तिच्याकडे बघत राहिले. तिने बशीत चहा ओतला, फुंकर मारली, आणि म्हणाली, "यांचे अडीच तास कुठे गेले ते मात्र कळलं नाही."

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सगळे एवढे हसत होतो, आणि मला तो हशा मोडायचा नव्हता.

मग तिचा महिना सुरू झाला. पहिल्या आठवड्यात ती कॉरिडॉरमधून विमानं बघायची. आमच्याकडून ती समुद्रावरून खाली येताना दिसतात. दुसऱ्या आठवड्यात तन्वीला शाळेच्या बसपाशी सोडायला लागली. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस मी ऑफिसातून घरी फोन केला तर कुणी उचलेना. संध्याकाळी घरी येऊन बघते तर आई भाजी निवडत बसलेली. ती एकटी खालच्या फीडर बसमध्ये बसली होती आणि ती बस फिरून जिथून निघाली तिथेच येते, हे कळल्यावर दोनदा फिरून आली होती.

"ड्रायव्हरच कंडक्टर आहे," तिने रिपोर्ट दिला. "तिकीट फाडत नाहीत, कार्ड लावलं की पिंकन वाजतं. दोन फेऱ्यांत एक मिनिटाचा फरक पडला नाही. यांनी बघायला हवं होतं." हे म्हणताना तिचा चेहरा असा फुलला होता म्हणून सांगू! हॉकर सेंटरमधल्या, म्हणजे इथल्या खाऊगल्लीतल्या, चहावाल्याशी तर तिची एवढी ओळख झाली, की ती दिसली की तो साखर कमी घालून चहा उंचावरून ओतून द्यायचा.

सगळ्यांशी तिचं जमलं. तन्वीशी, चहावाल्याशी, शेजारच्या मलय आजींशी, मिलिंदशीसुद्धा. माझ्याशी मात्र, "जेवलीस? झोप आता." माझ्याच घरात मी पाहुणी झाले होते. ती तिच्या बॅगेतून रोज काही ना काही काढून द्यायची, तन्वीला कोकमं, मिलिंदला कुळथाचं पीठ. मला काही नाही. मी मोठी बाई आहे, अण्णा, प्रयोगशाळेत माझ्या हाताखाली सहा माणसं आहेत, आणि तरी मला त्याचं वाईट वाटत होतं.

गेल्या शनिवारी सकाळी तन्वी डायनिंग टेबलवर शाळेचा अभ्यास करत बसली होती. आईने तक्ता तिच्यासमोर ठेवला आणि विचारलं, "हे अडीच तास कुठे गेले ते तुला येतं का ग काढायला?"

तन्वीने पाहिलं. मग तुमच्या तक्त्याच्या शेजारी वही ठेवून तिने दोन रकाने आखले. एकात आजीचं घड्याळ, एकात आमचं. मी ओट्याशी उभी राहून ऐकत होते.

"आजी, मुंबईला प्लेन सुटलं, युअर वॉच किती?"

"अकरा चाळीस."

"आणि लँड झालं तेव्हा?"

"पाच दहा. मी बघितलं ना."

"सो, काउंट."

आईने बोटांवर मोजलं. "साडेपाच."

"आता घरी जाताना. इथून सेव्हनला सुटणार, बट युअर वॉचमध्ये साडेचार. मुंबईला टेन. काउंट."

आईने पुन्हा मोजलं. पुन्हा एकदा मोजलं. "हेही साडेपाचच?"

"सेम-सेम, लाह. जाताना, येताना, सेम."

मी मनात म्हटलं, झालं, अण्णांचा घाट सपाट झाला. मला वाटलं, आई हसेल. ती हसली नाही. तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला, माझ्याकडे वळली आणि अगदी हळू म्हणाली, "मग त्या दिवशीसुद्धा साडेपाच तासच लागले असतील."

"कुठल्या दिवशी?"

"हॉस्पिटलला आलीस त्या दिवशी."

आता ती दुसरी गोष्ट, अण्णा.

त्या दिवशी मिळेल ते विमान घेऊन मी निघाले होते. आत बसल्याबसल्या फोन केला, "बसले, आता सुटतंय." तुमच्याकडे सकाळचे सात वाजत होते. तुम्ही दादाला उशी उंच करायला लावलीत, घड्याळ मागितलंत, आणि हिशेब मांडलात. येताना तीन तास. सातला सुटली, दहाला उतरेल. सामान, टॅक्सी, दीड तास. साडेअकरा. मला हे काहीच माहीत नव्हतं. आई सांगत होती आणि मी हातातला कांदा तसाच धरून ऐकत होते. साडेअकराला तुम्ही तोंड पुसून घेतलंत, नर्सने झोपेची गोळी आणली ती परत पाठवलीत. बारा वाजले. साडेबारा. मग तुम्ही म्हणालात, "आधी ठाण्याला गेली असेल."

ठाण्याला. माझ्या सासरी!

"मी म्हटलं, असं कसं जाईल?" आई म्हणाली. "तर हे म्हणाले, अगं, रात्रभरची दगदग, अंघोळ करून दोन घास खाऊन येईल. सासरची माणसं एवढ्या जवळ आहेत, त्यांना टाळून कशी येणार? येऊ दे सावकाश, मी आहे. आणि तू दोनला आलीस. केस ओले होते तुझे."

ओले होते. विमानतळाच्या बाथरूममध्ये मी नळाखाली डोकं धरलं होतं, कारण तुमच्यासमोर रडवेलं तोंड घेऊन यायचं नव्हतं. दोन मिनिटं लागली असतील. तिथून टॅक्सी, आणि टॅक्सीतून थेट तुमचा वॉर्ड.

तुम्ही माझ्याकडे बघून हसलात. म्हणालात, "अडीच तास लेट." आणि मी, मला वाटलं तुम्ही नेहमीची थट्टा करताय. मी म्हटलं, "हो अण्णा, लेट झाले."

मी कबूल केलं! आईच्या समोर, स्वतःच्या तोंडाने. मग तिने दुसरं काय समजायचं? नवरा शेवटचे दिवस मोजतोय, गोळी न घेता दाराकडे डोळे लावून बसलाय, आणि मुलगी सासरी अंघोळ करून, चहा पिऊन येतेय. पंधरा महिने तिने हे पोटात ठेवलं. मला एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, पण ती विचारत नाही आणि मी 'बरं' म्हणून सोडून देते. आम्ही दोघी अशाच.

"तू ठाण्याला गेलीच नव्हतीस," आई म्हणाली.

"नाही ग आई. सरळ आले होते."

तन्वी आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत होती. मग आई उठली, आत गेली, आणि बॅगेच्या तळातून खोबरेल तेलाची बाटली घेऊन आली. चिपळूणच्या घाण्यावरचं, माझ्यासाठी आणलेलं, तीन आठवडे तसंच पडून होतं. "बस खाली," म्हणाली. मी तिच्या पायाशी जमिनीवर बसले. तिने माझ्या टाळूवर तेल थापलं, आणि एवढं चोळलं, एवढं चोळलं, की मान दुखायला लागली तरी मी हूं की चूं केलं नाही. मधेच म्हणाली, "केस किती गळलेत तुझे. लक्ष देत नाहीस." अण्णा, ती मला रागावत होती! पंधरा महिन्यांनी!

त्यानंतर आठवडाभर आमचं तोंड बंद नव्हतं. तुमच्याबद्दल इतकं बोललो, इतकं हसलो, की मिलिंद म्हणाला, अण्णांना उचकी लागत असेल. ताशी तेराशेचं प्रकरण मी तिला सांगितलं तर तिला ठाऊकच होतं. तुम्ही म्हणे परतीच्या प्रवासात तिला खिडकीपाशी बसवणार नव्हतात, भीती वाटेल म्हणून. काल चांगीला निरोप घेताना ती मला म्हणाली, "पावसाळा झाला की येते. आता वाट माहीत झालीय." आणि आज पहाटे घरी पोहोचल्यावर फोनवर वीस मिनिटं बोलली, माझ्याशी! तन्वी झोपली होती.

एक तक्रार आहे, अण्णा, ती करते. तुम्ही साडेअकरापासून दोनपर्यंत वाट बघितलीत आणि मला माफही करून टाकलंत, न विचारता. कशाला? मी गेलेच नव्हते कुठे. एक शब्द तरी विचारायचा होता, "कुठे होतीस?" तुमची ती माफी मला नको आहे. मी ती परत करतेय. पण "येऊ दे सावकाश, मी आहे" म्हणालात, आणि खरोखर राहिलात, ते मात्र मी माझ्याजवळ ठेवून घेतेय.

आता वचन. यापुढे मी कुणाला 'बरं' म्हणून फोन ठेवणार नाही. आईला नाही, दादाला नाही, तन्वीला नाही. समोरचा चुकतोय असं वाटलं तर भांडेन, फोनकार्ड संपलं तर दुसरं आणेन, आणि माझं काही चुकलंय असं कुणाला वाटत असेल तर ते विचारून घेईन. तुम्ही समोर असता तर तुमच्याशीही भांडले असते, तुमच्या घाटावरून, आणि हरले असते बहुतेक.

फक्त एवढी नोंद तुमच्या वहीत करून घ्या. सातला सुटलेली, साडेबाराला उतरलेली, दोनला तुमच्यापाशी आलेली, मधे कुठेही न थांबलेली,

तुमची,
वेळेवर पोहोचलेली,
शैला